शेळीॲपचा फेरफार

वडवणीत एखादा माणूस रविवारी लोकांना फुकट काम करायला बोलावतो म्हणल्यावर लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर तो निवडणुकीला उभा राहणार, नाहीतर त्याला नुकताच कुणीतरी महाराज भेटलाय. सोमेश्वर सर उभे राहणार नव्हते, आणि महाराजांच्या बाबतीत त्यांचं घर अगदी कोरडं होतं. त्यामुळं गावाची जरा पंचाईतच झाली.

सर कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवायचे. म्हणजे अकरांपैकी चार कॉम्प्युटर चालायचे, त्या चारांभोवती पन्नास पोरं उभी करून सर दरवर्षी 'हा माउस' इथपासून सुरुवात करायचे. पण हे पोटापाण्याचं झालं. सरांचा जीव होता तो शेळीॲपात.

शेळीॲप म्हणजे मोबाइलवरची शेळ्या-मेंढ्यांची नोंदवही. कुठली कधी व्याली, कुणाला लस टोचली, कुणाचं वजन घटलं, सगळं त्यात. खरं नाव इंग्रजीत आहे, पण ते वडवणीत कुणाच्या तोंडात बसलं नाही. हे ॲप कुठल्या कंपनीचं नाही. पंधरा-वीस देशांतले हौशी लोक आपापल्या घरी बसून ते करतात, आतली सगळी यंत्रणा उघडी ठेवतात, कुणीही बघावी, सुधारणा सुचवावी. सुचवलेलं सगळं नॉर्वेतल्या मार्ता नावाच्या एक बाई तपासतात आणि पटलं तर आत घेतात. मार्ताबाई स्वतः मेंढ्या पाळतात, त्यामुळं त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही.

या ॲपात सहाशे बारा वाक्यं होती. त्यातली चारशे सरांनी सहा वर्षं रोज थोडी थोडी करत मराठीत आणली होती. बायको बबिता म्हणायची, "अहो, घरात एक शेळी न्हाई आपल्या, आन् तुमी तिच्या बाळंतपणाची तारीख लिहिताय." सर हसून सोडून द्यायचे. मोठ्या कामाला घरात किंमत नसते, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्यात त्यांना थोडं सुखही वाटायचं.

सोमवारी मार्ताबाईंचं पत्र आलं. नवी आवृत्ती निघतीय. ज्या भाषा अर्धवट आहेत त्या काढून टाकणार. मराठीला रविवारी आपल्याकडच्या संध्याकाळी सहापर्यंत मुदत.

सर हे पत्र कुणालाच दाखवणार नव्हते, पण त्याच दिवशी कडूबाई भेटल्या. कडूबाई म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरच्या. बासष्ट शेळ्या, शिक्षण चौथी, आणि अख्ख्या तालुक्यात शेळीॲप मनापासून वापरणारं एकमेव माणूस. सरांनी त्यांना सांगितलं, आता इंग्रजी होईल बहुतेक.

"असं कसं?" कडूबाई म्हणाल्या. "लस आन् तारीख, येवढंच वाचते मी त्यातलं. बाकी चित्रं बघून दाबते. मागल्या साली रोग आलता तवा त्याच्यावरून तर कळलं, सात जणींची सुई राह्यलीय म्हणून. शेजारच्याची निम्मी शेरडं गेली, माझी एक गेली न्हाई. माझं मराठी जाऊ देऊ नका, सर. आन् ते रोजचं इचारणं तेवढं बंद करा त्याचं."

रोजचं विचारणं असं होतं, की कडूबाई वजन मराठी आकड्यांत टाकायच्या. ॲपाला मराठी आकडा कळायचा नाही. ते अठरा किलोची शेळी शून्य किलोची धरायचं आणि रोज विचारायचं, 'आपले जनावर हयात आहे काय?' कडूबाई रोज बासष्ट वेळा 'होय' दाबायच्या.

दोनशे बारा वाक्यं, एक बिघाड, सहा दिवस. एकट्याचं काम नव्हतं. अशा वेळी जगभर हे लोक काय करतात, तर नवख्या पोरांना एका दिवसासाठी एकत्र बसवतात, छोटी छोटी कामं वाटून देतात, शिकवत शिकवत करून घेतात. त्याला स्प्रिंट म्हणतात. सरांनी ठरवलं, आपण वडवणीत स्प्रिंट घ्यायची. बारा पोरं आली तरी पुष्कळ.

शाळेचा हॉल मागितला. आचारसंहिता लागलेली, त्यामुळं शाळेनं वर बोट दाखवलं. सर तहसीलच्या परवानगीच्या खिडकीवर गेले.

"संस्था कुठली?" खिडकीतल्या बाबूंनी विचारलं.

"संस्था नाही. हे सगळ्यांचं आहे. मालक कुणीच नाही."

बाबूंनी चष्मा काढला. "मालक न्हाई, मग कुलूप कोण लावतं?"

"कुलूप नाहीच."

"चोरी झाली तर?"

"चोरता येत नाही. फुकटच आहे ते."

बाबूंनी सरांकडं थोडा वेळ मायेनं पाहिलं आणि अर्जावर शेरा मारला : 'मालकी हक्काबाबत खुलासा व्हावा.'

सर खुलासा करायला तीन दिवस जात राहिले. बुधवारी साहेब मीटिंगला गेले होते, गुरुवारी बाबू स्वतःच खुलासा मागायला दुसऱ्या खिडकीवर गेले होते, शुक्रवारी शेऱ्याखाली आणखी एक शेरा पडला : 'सदर वस्तू स्थावर की जंगम?' सरांना रात्री झोप लागेना. माणसाला अपमान पचतो, पण आपल्या आवडत्या गोष्टीला कुणी जंगम म्हणलं की ते फार लागतं.

शेवटी शेजारचे बिभीषण अण्णा धावून आले. अण्णा एकतीस वर्षं तलाठी होते आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांनी अजून चार्ज सोडलेला नव्हता. ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुमी शहरातल्यावाणी सांगताय, म्हणून घोळ व्हतोय. मालक न्हाई, समद्यांचं हाय, कुणीबी यावं. म्हंजे गायरान."

सर चमकले. "अगदी बरोबर! गायरान!"

"आन् कुणी दुरुस्ती सुचवली, की ती तपासून मग आत घेत्यात. म्हंजे फेरफार."

"हो, अण्णा!"

"ती बाई म्हंजे तलाठी. दुसऱ्यानं चूक काढली तर ती हरकत. आन् काम करणाऱ्याचं नाव कुठं लागतं?"

"एक यादी असते. जगात कुठूनही दिसते. कायमची."

"सातबारा," अण्णा म्हणाले आणि मांडीवर थाप मारली.

सरांना अगदी भरून आलं. सहा वर्षांत हे इतकं स्वच्छ कुणालाच कळलं नव्हतं, पुण्याच्या एका परिषदेतसुद्धा नाही. त्या भरात त्यांनी लोकांना निरोप लिहायचं काम अण्णांवर सोपवलं. आत बबिता भांडी घासत होती, तिनं एवढंच विचारलं, "वाचून बघणार ना पाठवायच्या आधी?" सर म्हणाले, "अण्णांना आपल्यापेक्षा जास्त कळलंय."

अण्णांचा निरोप शनिवारी सकाळी एकोणतीस ग्रुपवर गेला. 'तमाम ग्रामस्थांस कळविण्यात येते की, आंतरराष्ट्रीय गायरानाच्या नोंदी रविवारी सकाळी नऊ वाजता मंगल कार्यालयात होणार असून, उपस्थितांची नावे लावून देण्यात येतील. लॅपटॉप असल्यास आणावा.' आणि हाताला सवय असल्यामुळं शेवटी : 'आधारची झेरॉक्स दोन प्रती.'

मंगल कार्यालय मिळालं, कारण त्या रविवारी तिथी नव्हती. तिथं इंटरनेट होतं, जनरेटर होता आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन मखमली खुर्च्या होत्या. सरांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी राजनंदिनी लॅपटॉप घेऊन आली. प्रोजेक्टरची वायर जिथवर पोचत होती तिथं नेमकी नवरीची खुर्ची होती, म्हणून ती त्यात बसली. तिची आई डबा द्यायला आली, लेकीला त्या खुर्चीत पाहून दारातच थबकली, आणि मग संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिली.

पावणेनऊला बारा पोरं आली. नऊला दीडशे माणसं आली. तेलगावहून टेम्पो भरून आला. चौसाळ्याचे दोन म्हातारे पहाटेच्या एस.टी.नं निघून, बीडला गाडी बदलून आले होते. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स, फोटो आणि काहींच्या तर शंभर वर्षांपूर्वीच्या मोडी कागदांच्या नकला.

"सर, आमचा गट नंबर कंचा?"

"सर, वडील वारलेत, वारसाची नोंद आजच व्हईल का?"

"हितं बागायत हाय का जिरायत?"

सरांनी माइक घेतला. हे मोबाइलचं ॲप आहे, जमीन नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. जमीन वाटताना वरचे लोक आधी असंच म्हणतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

एवढ्यात आप्पाराव आले. आप्पाराव म्हणजे दोनशे एकराचे, यंदा उभे असलेले, आणि कुठल्याही गर्दीला आपलीच समजणारे. ते नवऱ्याच्या खुर्चीत बसले. "सर, आपल्याला नावाची हाव न्हाई," ते म्हणाले. "फक्त वर असावं."

आता इथं सरांकडून आणखी एक चूक झाली. अशा कार्यक्रमात नवख्यांना सरावासाठी पहिलं काम देतात ते म्हणजे यादीत स्वतःचं नाव टाकून ती सुधारणा पाठवायची. कुठंही जा, हेच पहिलं काम. सरांनी पण तेच दिलं. लोकांना आतापर्यंत जी काही थोडी शंका होती, ती फिटली.

बारा पोरांपुढं बारा रांगा लागल्या. दुपारी बारापर्यंत मार्ताबाईंकडं एक्क्याण्णव फेरफार गेले. एकानं स्वतःच्या आधी 'मयत' असं लिहून आजोबांचं नाव टाकलं. तेलगावच्या चौघा भावांनी आपली चार नावं दिली, तेव्हा मागून त्यांची बहीण बायडाबाई पुढं आली.

"माझं कावून न्हाई?"

"ताई, तू हक्कसोड करून दिलंस की."

"ते तिकडं दिलं. हितं न्हाई सोडायची!" असं म्हणून तिनं राजनंदिनीच्या शेजारी ठाण मांडलं.

आप्पारावांच्या माणसांनी त्यांचं नाव सगळ्यांत वर नेलं. विरोधी गटाच्या एका पोरानं ते खाली आणलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. आप्पाराव खुर्चीतून पडद्यावर स्वतःचं नाव चढता-उतरताना बघत होते आणि त्यांचा रक्तदाब त्याबरोबर चालला होता.

साडेबाराला मार्ताबाईंचा निरोप आला. भाषा अतिशय सभ्य होती. एक्क्याण्णव सुधारणा मिळाल्या, आभार. सगळ्या नावांच्याच आहेत. तुमच्याकडं सगळं ठीक आहे ना? काम काही दिसत नाही. आणखी नावं आली तर मला वडवणीकडून येणारं सगळंच थांबवावं लागेल.

सर स्टेजच्या पायरीवर बसले. शेजारी कडूबाई येऊन उभ्या होत्या. शेळ्या जावेवर सोपवून त्या आत्ताच पोचल्या होत्या.

"झालं का मराठी?" त्यांनी विचारलं.

"एक ओळ नाही झाली, मावशी."

कडूबाईंनी फोन पदराखाली घेतला, जसं कुणी काढून घेणार आहे. सरांना ते बघवलं नाही. ते अण्णांकडं वळले. "अण्णा, तुम्ही केलंत हे. तुम्हीच निस्तरा."

अण्णांनी पान जुळवलं, चुना लावला. "सोपं हाय. कूळ कायदा लावा."

"म्हणजे?"

"नाव त्याचंच लागंल, जो राबलाय. येक तरी वाक्य मराठीत आणलं, आन् ते हरकतीत टिकलं, तर नाव. जेवढी वाक्यं टिकतील तेवढं नाव वर. बाकी समदी नोंद रद्द."

सरांनी माइकवर तेच जाहीर केलं. सभागृहातली दीडशे माणसं एकदम पुढं सरकली.

त्यानंतर जे झालं ते कुठल्याच देशात झालेलं नसेल. पोरं इंग्रजी वाक्याचा अर्थ सांगायची, रांगेतला माणूस मराठी सांगायचा, ते पडद्यावर यायचं आणि सगळं सभागृह त्यावर तुटून पडायचं. दुसऱ्याच्या नोंदीवर हरकत घेणं हे ज्यांच्या तीन पिढ्यांचं काम, त्यांच्या नजरेतून काना-मात्रा सुटणार नव्हती. अण्णा टेबलावर पेपरवेट आपटून सुनावणी घेत होते. त्यांना नऊ वर्षांनी माणसात आल्यासारखं वाटत होतं.

आप्पाराव पण कामाला लागले. बिघाड झाला की ॲप जे वाक्य दाखवतं, ते त्यांच्या वाट्याला आलं. त्यांनी सांगितलं : 'आपली समस्या लवकरच सोडवण्यात येईल.'

"हरकत!" दीडशे आवाज आले.

"कावून बे?" आप्पाराव उठले.

चौसाळ्याचा एक म्हातारा म्हणाला, "सायेब, ते व्हत न्हाई कधी. खोटं कशाला लिवायचं जनावराफुडं?"

वाक्य बदललं : 'जमलं न्हाई. परत दाबा.' आप्पारावांनी ओठ चावून मान्यता दिली, कारण दुरुस्त झालं तरी ते त्यांच्याच नावावर लागणार होतं.

राजनंदिनीनं तोवर आकड्यांचा बिघाड शोधला होता. दहाबारा ओळींचं काम. तिनं 'अठरा' मराठी आकड्यांत टाकलं, आणि शेळी जिवंत राहिली. ॲपानं काही विचारलं नाही. टाळ्या पडल्या. राजनंदिनीच्या आईनं स्टेजवर जाऊन लेकीची दृष्ट काढली. नवरीची खुर्ची होतीच.

तीन वाजता दोनशे बारा वाक्यं संपली. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात कडूबाई म्हणाल्या, "आन् ही वरची?"

वरची म्हणजे सरांची. सहा वर्षांची चारशे.

"ती झालेली आहेत, मावशी."

"वाचून तर दावा."

राजनंदिनीनं नाइलाजानं पहिलं वाचलं : "'अजाशावकाचे स्तनपान विहित कालावधीत पूर्ण झाले काय?'"

सभागृहात कुणीतरी टोपी काढली. मंत्र आहे असं वाटलं असावं.

"काय म्हणायचंय त्याला?" कडूबाईंनी विचारलं.

"करडू वेळेवर पिलं का," सर म्हणाले.

"मग तसं लिवा की."

'अजाशावक' या शब्दासाठी सरांनी दोन शब्दकोश आणि दिवाळीची अख्खी सुट्टी घालवली होती. त्यांनी अण्णांकडं आशेनं पाहिलं. सरकारी भाषेचा माणूस, बाजू घेईल. अण्णांनी पेपरवेट आपटला. "हरकत मान्य."

"'प्रसूती दिनांक.'"

"कधी व्याली."

"'पशू मयत झाल्याची नोंद.'"

इथं अण्णांनीच जोर धरला, मयत हा बरोबर शब्द आहे म्हणून. कडूबाई म्हणाल्या, "माणूस मयत व्हतो, अण्णा, त्याच्यामागं कागद असत्यात. शेळी मरते." हरकत मान्य.

एकेक ओळ जाऊ लागली. सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. एका ठिकाणी ते म्हणाले, "अहो, पण हे प्रमाण मराठी आहे!"

"कोण बोलतं?" कडूबाईंनी अगदी सरळ विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"तुम्ही सहा वर्षं वापरताय ना हे?"

"चित्रं बघून, सर. मराठी हाय येवढं समाधान व्हतं. तुमी केलंय म्हणून बोलले न्हाई."

सर उठून मंगल कार्यालयाच्या मागं गेले. तिथं उलट्या घातलेल्या मोठ्या पातेल्यांच्या रांगेत ते थोडा वेळ उभे राहिले. चारशे ओळी राखायच्या तर मुदतीत बसत होतं. खोडायच्या तर मुदत हुकून सगळंच जायची भीती. पण कडूबाईंच्या फोनवर जे राहणार होतं ते त्यांना वाचता यायला पाहिजे होतं. सहा वर्षं आपण कुणासाठी लिहीत होतो, हा प्रश्न त्यांनी एका पातेल्याला विचारला आणि आत येऊन म्हणाले, "राजनंदिनी, घे पुढची."

पाच चाळीसला सगळं गेलं. सहाशे बारा वाक्यं, त्यांच्यावरच्या सगळ्या हरकती आणि एक दुरुस्ती, एकाच फेरफारात. उत्तर येईना. नॉर्वेत तेव्हा दुपारचे एक वाजून गेले होते.

"बाई जेवायला गेली असंल," अण्णा म्हणाले.

हे ऐकून कुणीही चिडलं नाही. दीडशे माणसं सतरंजीवर टेकली, कुणी तंबाखू काढली, कुणी पाय पसरले. या एका कामाचा सराव सगळ्यांना होता. फक्त कडूबाई पडद्याकडं टक लावून उभ्या होत्या आणि सर त्यांच्याकडं.

सहाला चार मिनिटं कमी असताना पडद्यावर हिरवी खूण उमटली. मार्ताबाईंनी लिहिलं होतं, की इतक्या भाषांमधून प्रत्येक ओळीवर एवढी हुज्जत घातलेली ही पहिलीच भाषा. मराठी राहिली. कडूबाईंनी फोन पदराखालून काढला, त्याच्याकडं पाहिलं आणि परत कंबरेला खोचला. "येते," त्या म्हणाल्या, "धारा राह्यल्यात." पण गेल्या नाहीत, कारण राजनंदिनी यादी वाचायला लागली होती.

सगळ्यांत वर कडूबाई, एकशे सत्याऐंशी ओळी. दुसऱ्या बायडाबाई. तिचे चारही भाऊ तिच्या खाली. आप्पाराव सव्विसावे, आणि विरोधी गटाचा पोरगा सत्ताविसावा, म्हणून ते खूश. अण्णा चौतिसावे. चौसाळ्याचे म्हातारे एकेका ओळीवर एकशे सहावे आणि एकशे सातवे. प्रत्येक नावाला माणूस मान हलवत होता.

यादी शेवटाला आली तशी राजनंदिनीचा आवाज बारीक झाला. सरांनी जाहीर केलेला कायदा सरांनाही लागू होता. सगळ्यांच्या ते एकाच वेळी लक्षात आलं. अण्णांनी पेपरवेट हळूच खिशात घातला.

"असू दे," सर म्हणाले. आवाज बऱ्यापैकी ताब्यात होता. "काम महत्त्वाचं."

"न्हाई सर, तुमचं हाय की," राजनंदिनी घाईनं म्हणाली. "एकशे आठवे. एक ओळ टिकलीय तुमची. समद्यांनी वाचली, पण कुणीच हरकत घेतली न्हाई."

"कुठली?"

तिनं ती पडद्यावर मोठी करून दाखवली.

'कृपया प्रतीक्षा करा.'

"ती लागती की, सर," कडूबाई दारातून म्हणाल्या. "ती समद्यांना पाठ हाय."